माठाला विचारा

एप्रिलच्या दुपारी एकाच कुंभाराचे दोन माठ घ्या. एक नागपुरात ठेवा, एक मुंबईत. नागपूरच्या माठातलं पाणी पिताना दात शिवशिवतात, मुंबईच्या माठातलं जेमतेम कोमटपणा सोडतं. माती तीच, पाणी तेच, फरक हवेचा. नागपुरात पारा 44 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असली, की ओल्या मडक्यावरून पाणी भराभर उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. अशा हवेत ओली वस्तू हिशेबाने 23 अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत पारा 33 आणि आर्द्रता 70 टक्के असते, तेव्हा तीच मर्यादा 28 अंशांवर येऊन थांबते. त्याच्या खाली माठ जात नाही, ओला पंचा जात नाही, वाळ्याचा पडदा जात नाही आणि पाण्याचा कूलरही जात नाही.

मोटरहोम, किंवा आपल्याकडे जास्त रुळलेला शब्द वापरायचा तर कॅरॅव्हॅन, उन्हाळ्यात गार कशी ठेवायची याबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं, त्यातलं बरंचसं कोरड्या मुलखात फिरणाऱ्यांनी सांगितलेलं असतं. खिडकीत ओला टॉवेल टांगा, छोटा कूलर घ्या, भिंतीच्या आतल्या बाजूने प्लास्टिकचा कागद लावा. मुंबईत हे सल्ले निरुपयोगी तर ठरतातच, काही वेळा गाडी सडवतात. इथे ऊन आणि दमटपणा ही दोन निराळी दुखणी आहेत. ऊन गाडीबाहेरच अडवता येतं, तेही स्वस्तात. दमटपणा फक्त यंत्राने काढता येतो आणि त्याला वीज लागते. पहिलं काम जितकं नीट होईल तितकं दुसरं काम आवाक्यात येतं, हा सगळा हिशेब एवढ्यावर उभा आहे. पुष्कळ जण मात्र आधी एसी किती टनांचा घ्यायचा ते ठरवतात आणि छपराकडे नंतर बघतात.

तर आधी छप्पर. मुंबई 19 अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस एकदा दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच मिटते. त्या दिवसांत भर दुपारी भिंतींवर ऊन फारसं पडत नाही, सगळं छपरावर ओततं. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद गाडीचं छप्पर 12 चौरस मीटरचं होतं. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1 किलोवॅट ऊन पडतं, म्हणजे डोक्यावर 12 किलोवॅट. गडद रंगाचा पत्रा अशा वेळी 65-70 अंशांना पोचतो. आतून काहीच अस्तर नसेल तर त्यातून दोन-अडीच किलोवॅट उष्णता खाली उतरते. एक टनाचा एसी काढतो साडेतीन किलोवॅट. म्हणजे एसीची तीन हिश्श्यांमधली दोन हिस्से ताकद नुसत्या छपराशी झुंजण्यात जाते. त्याच छपराला आतून 25 मिलिमीटर पफ, म्हणजे कडक फोम, चिकटवला तर तीच उष्णता 400 वॅटच्या आसपास येते. पत्र्याखालच्या लोखंडी फासळ्या उघड्या राहिल्या असतील तर त्यांच्यातून आणखी बरीच उतरते, म्हणून फासळ्यांवरही 6 ते 10 मिलिमीटर जाडीची नायट्राईल रबराची पट्टी चढवावी लागते. हे काम कंटाळवाणं असतं आणि कारागीर ते टाळू बघतात. टाळू देऊ नये. छत बंद झाल्यावर कुठली फासळी उघडी राहिली ते एसी लावल्यावर कळतं: तिथे घामाच्या थेंबांची ओळ उमटते.

पांढरा रंग हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. स्वच्छ पांढरं छप्पर पाऊणएक ऊन परत फेकतं आणि 45 अंशांच्या आसपास राहतं. यात ‘स्वच्छ’ हा शब्द महत्त्वाचा. मुंबईत बांधकामाची धूळ, गाड्यांची काजळी आणि समुद्राचा खार यांचा थर पंधरवड्यात बसतो आणि पांढरं छप्पर राखी होतं. शिडी लावून साध्या साबणाच्या पाण्याने दर पंधरा दिवसांनी धुतलं की तो गुण परत येतो. सोलर पॅनेल असतील तर तेही त्याच फेरीत पुसावेत.

अस्तराच्या बाबतीत मुंबईची हवा फार कडक परीक्षक आहे. ग्लास वूल इथे वापरूच नये असं मला ठामपणे वाटतं. ती ओल धरते, खाली बसते, तिच्यामागे पत्रा गंजतो आणि दोन पावसाळ्यांनंतर आतून कुबट वास यायला लागतो. बंद पेशींचा फोम, म्हणजे पफ, एक्सपीएस (थर्माकोलच्या जातीची घट्ट शीट) किंवा नायट्राईल रबर, पत्र्याला पूर्ण चिकटवून बसवावा, मागे पोकळी न ठेवता. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. थंड देशांत ओल घरातून बाहेर जाऊ बघते, म्हणून तिथे आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद लावतात. आपल्याकडे एसी चालू असताना ओल बाहेरून आत शिरू बघते. पत्रा तिला अडवतो, पण रिव्हेटची भोकं, दाराच्या चौकटी आणि वायरी ओवलेली छिद्रं यांतून ती येतेच. आत तिला गार प्लास्टिकचा कागद भेटला की त्याच्या मागच्या अंगाला पाणी सुटतं आणि ते प्लायमध्ये मुरतं. 33 अंश आणि 70 टक्क्यांच्या हवेत 27 अंशांखाली गेलेल्या कुठल्याही वस्तूला घाम फुटतो, आणि एसीच्या खोलीतली भिंत सहज 26 ला असते.

चंदेरी बबल शीटबद्दल थोडं. ती चमकदार असते, स्वस्त असते आणि लोक ती थेट पत्र्याला चिकटवतात. तशी चिकटवली की तिचा चंदेरीपणा वाया जातो. ती उष्णता परतवते ती समोर हवेची फट असेल तरच, आणि फट किमान 20-25 मिलिमीटरची हवी. पत्र्याला टेकली की ती साधी पातळ प्लास्टिकची शीट उरते.

तीच शीट पुढच्या काचेवर बाहेरून टाका, मग तिचं मोल कळेल. पुढची काच दोन चौरस मीटरची, तिरकी, आणि ऊन समोर असलं की एकटी किलोवॅटभर उष्णता आत सोडते. आतून लावलेला पडदा उजेड अडवतो, पण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि गाडी तापवतो. काचेबाहेर टाकलेलं आवरण ते आत येण्याआधीच परतवतं. वायपरखाली खोचून, दोन्ही दारांत कडा अडकवून, आरशांना इलॅस्टिकने बांधलेलं बाहेरचं आवरण शिवून घ्यायला जाड चंदेरी कापड आणि एक शिंपी पुरतो. काळ्या फिल्मने हा प्रश्न सुटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार जायला हवा.

आता गाडी उभी कशी करायची ते. मुंबईत यात एक पेच आहे आणि तो सुटला की निम्मं काम झालं. इथे दुपारचं ऊन आणि दुपारचा वारा एकाच दिशेने येतात. सकाळी अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून. दोनच्या पुढे सूर्यही तिकडेच उतरतो. वाऱ्यासाठी पश्चिमेची बाजू उघडावी तर ऊन आत येतं, उन्हासाठी ती बंद करावी तर वारा अडतो.

यावरचा उपाय म्हणजे गाडीची शेपूट पश्चिमेला करून उभं राहायचं. मागची बाजू सर्वांत अरुंद, त्यामुळे ऊन खाणारी भिंत लहान होते. मागची दोन्ही दारं सताड उघडून बिजागरीशी हुकाने बांधावीत, नाहीतर चारच्या वाऱ्याला ती आपटतात आणि बिजागऱ्या ढिल्या होतात. दारांपासून दोन-अडीच फूट पुढे, टपाच्या कडेपासून जमिनीकडे तिरकी, 75 टक्के ऊन अडवणारी शेडनेट ताणून बांधावी. जाळी ऊन अडवते आणि वारा गाळून आत सोडते. ताडपत्री बांधली तर ऊन अडेल, पण वाराही अडेल, आणि वाऱ्याने तिचं शीड होईल. गाडीच्या दोन्ही लांब बाजू मग उत्तर-दक्षिण होतात. मेमध्ये दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही, उत्तरेच्या भिंतीला संध्याकाळी थोडी तिरीप लागते, तिला एक साधा पडदा पुरतो. पुढची काच पूर्वेला येते आणि तिच्यावर सकाळचं ऊन येतं, म्हणून बाहेरचं आवरण आदल्या रात्रीच चढवून झोपावं. नाहीतर सकाळी जाग येईपर्यंत काचेने तासभर ऊन पिऊन घेतलेलं असतं.

मढ, मनोरी, गोराई किंवा पलीकडे अलिबागच्या किनाऱ्याला वाळूत खुंट्या टिकत नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत पंधरा-वीस किलो वाळू भरून, तोंड बांधून त्यांना दोऱ्या लावाव्यात. निघताना वाळू ओतून गोण्या घडी करून ठेवता येतात.

छपरावर सावली करायची झाली तर ती छपराला टेकू द्यायची नाही. पावसाळ्यात मुंबईभर दिसते ती निळी ताडपत्री टपावर पसरली, की ती स्वतः तापते आणि पत्र्याला चिकटून तोच ताप खाली देते. दोन बाजूंना पाइप लावून 15-20 सेंटिमीटर फट ठेवली, वर चंदेरी कापड ताणलं आणि फट वाऱ्याच्या दिशेने मोकळी ठेवली, तर मधली तापलेली हवा निघून जाते. सोलर पॅनेलही हेच काम करतात, म्हणून ते स्टँडवर किमान 5 सेंटिमीटर उंच बसवावेत. पत्र्यालाच चिकटणारे लवचिक पॅनेल मिळतात, दिसायला सुबक असतात, पण खालून हवा न मिळाल्यामुळे ते स्वतः तापतात, वीज कमी देतात आणि लवकर मरतात.

झाडाची सावली या सगळ्याहून चांगली. पान ऊन नुसतं अडवत नाही, स्वतः फार तापतही नाही. आंबा, चिंच, वड यांची सावली दाट. पर्जन्यवृक्षाची रुंद, पण त्याच्यावर कीड असेल तर चिकट थेंब गळतात आणि काचा, पॅनेल माखतात. नारळाखाली गाडी लावू नये, हे कोकणच्या माणसाला सांगावं लागत नाही. मेच्या अखेरीस वळवाच्या वावटळीत जुन्या झाडांच्या फांद्या पडतात, तेव्हा वाळकी फांदी वर आहे का ते मान वर करून बघितल्याशिवाय हँडब्रेक ओढू नये. सावलीत सोलर चालत नाही ही तक्रार खरी आहे. तरी दुपारी सावलीत उभं राहून वाचणारी वीज ही उन्हात उभं राहून मिळणाऱ्या विजेपेक्षा बहुधा जास्तच भरते.

हवा खेळती ठेवण्यासाठी छपरात पंखा हवाच. साधारण 35 सेंटिमीटर चौकोनी भोकात बसणारा, 12 व्होल्टवर चालणारा, झाकण असलेला पंखा पूर्ण वेगात दोन-तीन अँपिअर घेतो आणि तासाला दीड हजार घनमीटर हवा बाहेर फेकतो. गाडीच्या आत हवा असते सुमारे 20 घनमीटर, म्हणजे मिनिटभरात सगळी बदलते. अट एकच: हवा कुठून आत येणार ते आपण ठरवायचं. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर पंखा जवळच्या खिडकीतून हवा ओढतो आणि पलंगावरची हवा तिथेच सडते. पलंग मागे असेल तर पंखा पुढे, ड्रायव्हरच्या केबिनमागे बसवावा आणि फक्त पलंगाजवळच्या सावलीतल्या खिडक्या उघडाव्यात. उघडी फट पंख्याच्या भोकाएवढी तरी हवी; 60 सेंटिमीटरच्या दोन खिडक्या दहा-दहा सेंटिमीटर उघडल्या की तेवढी होते. मच्छरदाणीची जाळी वारा बराच खाते, म्हणून जाळी असेल तर खिडकी दुपटीने उघडावी. जाळी काढण्याचा विचार मात्र करू नये, मलेरिया आणि डेंग्यू या शहरात वर्षभर असतात.

सूर्य मावळल्यावर लगेच एसी लावण्याची घाई करू नये. दिवसभर गादी, लाकूड, भांडी, पाण्याची टाकी या सगळ्यांनी ऊन साठवलेलं असतं. आधी अर्धा-पाऊण तास छपरातला पंखा पूर्ण वेगात हवा बाहेर फेकत ठेवायचा. आतला पारा बाहेरच्या बरोबरीला आला की मग पंख्याचं झाकण, म्हणजे झडप, घट्ट लावून एसी सुरू करायचा. जे काम 30 वॅटमध्ये होतं त्यासाठी 1000 वॅट जाळण्यात अर्थ नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे कधीकधी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. तेव्हा पूर्वेची बाजू उघडली तर एसी बंद करूनही झोप लागते.

वर्षातले काही दिवस हे गणित उलटं होतं. मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, खारे वारे दुपारपर्यंत लांबतात आणि सांताक्रूझचा पारा 39-40 ला जातो. 28 मार्च 1956 रोजी तिथे 41.7 अंशांची नोंद झाली होती. हवामान विभाग किनारपट्टीवर 37 अंशांपासून उष्णतेची लाट धरतो, त्यासाठी पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वरही असावा लागतो. अशा दुपारी आर्द्रता 25 टक्क्यांवर उतरली तर ओल्या वस्तूची मर्यादा 24 अंशांपर्यंत येते. त्या दिवशी मुंबईतही माठ गार होतो, आणि माठ गार होतो त्या दिवशी पाण्याचा कूलर आणि वाळ्याचा पडदाही काम करतात. कूलर लावावा की नाही हे ठरवायला यापेक्षा सोपं यंत्र नाही. एरवीच्या दिवशी कूलरची हवा थोडी गार लागते, पण तासाभरात चादर ओलसर होते आणि अंगाची चिकचिक वाढते. बर्फ घालून चालणाऱ्या डब्यांचंही तसंच. दहा किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी एक टनाचा एसी सोळा मिनिटांत काढतो.

म्हणून एसी. टनांच्या बाबतीत मोठं ते चांगलं ही समजूत इथे नडते. 20 घनमीटरच्या, नीट अस्तर लावलेल्या गाडीला एक टन पुरतो. दीड-दोन टनांचा जुन्या पद्धतीचा एसी लावला तर हवा पाच मिनिटांत गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, आणि तेवढ्या वेळात कॉइलवर पाणी जमून बाहेर जायला सवडच मिळत नाही. पारा 24 दाखवतो आणि अंग चिकटच राहतं. मग माणूस 20 वर नेतो, थंडी वाजते, तरी बरं वाटत नाही. लहान एसी सलग, हळू चालला तर हवा कोरडी होते. मुंबईत एक टनाच्या एसीतून तासाला एक-दीड लिटर पाणी पडताना दिसलं तर तो आपलं काम करतो आहे असं समजावं. 26 वर ठेवून अंगावर पंधरा-वीस वॅटचा छोटा पंखा सोडला तर 24 एवढाच आराम मिळतो.

खिडकीतून एकच नळी बाहेर सोडायचा चाकांवरचा पोर्टेबल एसी मोहात पाडतो, कारण त्याला काही कापाकापी लागत नाही. पण तो आतलीच हवा कंडेन्सरवरून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या तापलेल्या कॉइलवरून, नेऊन बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम, दमट हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत ओढतो. स्वतः केलेलं काम स्वतःच मोडत राहतो.

घरचा स्प्लिट एसी गाडीत बसवण्याची पद्धत मुंबईत चांगली रुळलेली आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन बांधताना इथले कारागीर त्यात तयार झाले. तो स्वस्त पडतो, सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात. बिघडतो तो मुख्यतः हादऱ्यांनी. तांब्याच्या नळीचा जोड ढिला होतो आणि गॅस हळूहळू जातो. बाहेरच्या युनिटखाली रबराचे पॅड हवेत, नळीला एक मोकळं वेटोळं ठेवावं म्हणजे हादरा तिथे जिरतो, आणि नळी कुठेही पत्र्याच्या कडेला घासत नाही हे बघावं. आतल्या युनिटचं पाणी एका बाजूने निघतं; गाडी उलट्या बाजूला कलून उभी राहिली तर ट्रे भरतो आणि पाणी गादीवर पडतं. दुसऱ्या बाजूच्या चाकांखाली उताराचे ठोकळे देऊन पाणी निघायची बाजू बोटभर खाली ठेवली की झालं. किनाऱ्यावर मुक्काम असेल तर कंडेन्सरवर खार बसतो आणि ॲल्युमिनियमच्या पात्या कुरतडतो. आठवड्यातून एकदा, एसी बंद करून, गोड्या पाण्याची हलकी धार मारावी. प्रेशर पंपाने पात्या वाकतात. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी.

विजेचा हिशेब असा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला 900-1000 वॅट घेतो आणि नीट अस्तर असेल तर रात्री सरासरी 400 वॅटवर येतो. आठ तासांची झोप धरली तर 3.2 युनिट, त्यावर बॅटरीची डीसी वीज घरगुती एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरमधली सुमारे दहा टक्के घट, आणि बॅटरी अगदी तळापर्यंत रिकामी न करण्याचा नियम. हे सगळं धरून पाच युनिटची लिथियम फॉस्फेट बॅटरी लागते, म्हणजे 48 व्होल्टची 100 अँपिअर-अवर. 12 व्होल्टवर हेच करायला गेलं तर 400 अँपिअर-अवर लागतात आणि हजार वॅटला नव्वदपेक्षा जास्त अँपिअर वाहतात. एवढ्या करंटला वायर अंगठ्याएवढी जाड लागते आणि वायरीच्या टोकाचा एक लग जरी ढिला राहिला तरी तो तापून काळा पडतो. 48 व्होल्टवर तोच करंट 23 अँपिअरच्या आसपास असतो. नव्याने बांधताना 48 च निवडावं. जुना, एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट करंट ओढतो आणि त्यामुळे इन्व्हर्टर ट्रिप होतो. बॅटरी पलंगाखाली बंद कप्प्यात ठेवली असेल तर तिलाही हवा लागते. 45 अंशांपुढे चार्ज करत राहिलं तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

छपरावर 400 वॅटचे तीन पॅनेल बसतात. सपाट मांडलेले आणि तापलेले पॅनेल पाटीवरच्या आकड्याएवढी वीज देत नाहीत. 65 अंशांना पोचल्यावर त्यांची चौदा टक्के ताकद जाते. तरी एप्रिल-मेच्या स्वच्छ दिवशी चारएक युनिट मिळतात. म्हणजे रात्रीचा एसी जवळजवळ भागतो, दिवसाचा भागत नाही. म्हणून दिवस सावलीने आणि वाऱ्याने काढायचा आणि साठवलेली वीज झोपेसाठी राखायची.

जनरेटरने हा प्रश्न सुटतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं फार काळजीपूर्वक वाचावं. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेली. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि एसीसाठी गाडी घट्ट बंद केलेली असते. जनरेटर गाडीच्या खाली किंवा मागच्या कप्प्यात असेल तर फरशीतल्या एखाद्या भोकातून, वायरीच्या फटीतून तो आत येतो. जनरेटर गाडीपासून किमान सहा मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुराचं तोंड पलीकडे करून ठेवावा. झोपताना तो बंद करावा. इंजिन चालू ठेवून केबिनच्या एसीत झोपणंही तितकंच धोक्याचं. उशीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावा. दीड-दोन हजारांची वस्तू नाही म्हणून कुणाचा जीव जाऊ नये.

त्याच तळमळीने आणखी एक. एसी चालू आहे म्हणून मुलाला किंवा कुत्र्याला आत ठेवून बाहेर जाऊ नये. इन्व्हर्टर ट्रिप झाला तर बंद गाडीतला पारा तासाभरात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी चढतो.

स्वयंपाक बाहेर. गॅसची एक शेगडी दोन किलोवॅट उष्णता देते, आणि एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतो. भाताची आणि कुकरची वाफ वेगळीच. जे पाणी काढायला एसी रात्रभर राबतो ते आपण अर्ध्या तासात परत आत ओततो. सकाळी सातच्या आत, सावलीखाली, बाहेर मांडलेल्या शेगडीवर दिवसाचं करून घ्यावं; रात्री दहीपोहे, काकडीची कोशिंबीर आणि सोलकढी पुरे.

फ्रिजकडे सहसा कुणी बघत नाही आणि तोच रात्रंदिवस चालतो. त्याच्या पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन म्हणजे 32 अंशांपर्यंत, एसटी म्हणजे 38 पर्यंत, टी म्हणजे 43 पर्यंत. मुंबईच्या गाडीला टी घ्यावा, कारण फ्रिजमागचा कप्पा बाहेरच्या हवेपेक्षा गरमच असतो. मागे खाली एक आणि वर एक जाळी, आणि वरच्या जाळीशी 12 व्होल्टचा, 120 मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा बसवला, तर कॉम्प्रेसर बराच कमी वेळ चालतो. पंखा 40 अंशांना आपोआप सुरू होणाऱ्या थर्मोस्टॅटवर ठेवावा.

पंख्यासाठी किंवा एसीसाठी छप्पर कापण्याआधी कागदपत्रं बघावीत. गाडीच्या रचनेत बदल करायला मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी लागते, आणि कॅरॅव्हॅन म्हणून बांधलेल्या गाड्यांसाठी एआयएस-124 हे मानक आहे. कापताना फासळी कापली जाणार नाही अशी जागा निवडावी. कापलेल्या कडेला प्रायमरचे दोन हात दिल्याशिवाय चौकट बसवू नये, खारी हवा नुसत्या पत्र्याला आठवड्यात गंज चढवते.

मेमध्ये ज्या झडपेने वारा दिला तीच जूनमध्ये गळते. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो, त्याआधीच्या सरी जूनच्या पहिल्या आठवड्यातही पडतात. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सातच्या आत, पत्रा गार असताना टपावर चढावं. तापलेल्या पत्र्यावर सीलंट वरून सुकतो आणि खाली कच्चा राहतो. पंख्याची चौकट, पॅनेलचे स्टँड, एसीच्या नळीचं तोंड यांच्याभोवतीचा जुना सीलंट नखाने दाबून बघावा. तडकला असेल तर वरून नवा थर न देता, जुना प्लास्टिकच्या पातीने पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून, मग नवा पॉलियुरेथेन सीलंट भरावा आणि एक दिवस सुकू द्यावा. दुसऱ्या दिवशी झडप बंद करून तिच्याभोवती बादलीने पाणी ओतत राहावं, पाचएक बादल्या, सावकाश. दोन तासांनी आत जाऊन छताच्या प्लायवर पंख्याच्या चारही बाजूंनी कोरडा टिशू कागद दाबून बघावा. कुठल्याही कोपऱ्यात कागद ओला झाला तर तो कोपरा त्याच दिवशी पुन्हा उघडावा.